आप्पा गुरवांची मान

आमच्या थिएटरशेजारच्या चहाच्या खोलीत नवीन डॉक्टर आला की त्याला आधी बिस्किटाचा डबा दाखवतात आणि मग किस्से सांगायला बसतात. बेळगावात भूल देण्यात माझा अर्धा जन्म गेला, पण किस्से गोळा करायला मी कधी बाहेर पडले नाही. ते आपण होऊन येतात, बरोबर सगळी भावकी घेऊन येतात आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, डॉक्टर कधी येणार?" भूल देणारी बाईसुद्धा डॉक्टर असते, हे आमच्या भागात अजून कुणाला पटलेलं नाही. हिंडलग्याला माझ्या सासरीही नाही. तिथं मी इंजेक्शन देणारी सून आहे, बस्स.

तर बरेच किस्से विसरून गेले. आप्पा गुरवांचे मात्र विसरता येत नाहीत, कारण त्या एका माणसापायी मला किती जणांचा राग आला, त्याला गणती नाही. डॉक्टरांचा आला, नातेवाइकांचा आला. आमच्या सरांचा तर रोजच येतो.

*

आप्पा गुरव बोरगावच्या पुढच्या एका खेड्यातले, गावच्या भैरोबाचे पुजारी. साठी ओलांडलेले, अंगानं वाळके, आवाज मात्र खणखणीत. त्यांचे पाय जड व्हायला लागले. आधी भिंतीला धरून चालायचे, मग काठी आली, मग दोन्ही बाजूंना माणसं लागायला लागली.

आता आमच्याकडं पाय लुळे पडले की निदान करायला डॉक्टर कशाला पाहिजे? सगळ्या गावाला ठाऊक असतं. "शीर दबलीय!" मग संकेश्वरच्या बाजारात बसणाऱ्या एका इसमानं आप्पांना पालथं पाडून कंबर कडाकडा मोडली. नंतर कुठल्याशा पाल्याचं तेल झालं. शेवटी एका मोठ्या पाटीच्या डॉक्टरनं कमरेचा एमआरआय काढला आणि चकत्या झिजल्यात म्हणून सांगितलं. साठीच्या माणसाच्या चकत्या झिजणार नाहीत तर काय? माझ्याही झिजल्यात. त्यानं पट्टा बांधला, स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली. या आजारात त्या औषधानं माणूस कधी कधी जास्तच खालावतो. आप्पा खालावले. तेव्हा डॉक्टर म्हणाला, "वय झालं आता."

एवढ्या शहाण्यांपैकी एकानंही आप्पांचे हात बघितले नाहीत.

आमच्या सरांचं एवढं एक मानावं लागतं. ते न्यूरोसर्जन आहेत आणि तसे फार गर्विष्ठ आहेत, पण पेशंट नीट बघतात. त्यांनी कमरेचा एमआरआय बाजूला टाकला आणि आप्पांना शर्टाचं बटण लावायला सांगितलं. आप्पांना ते जमेना. फुलंसुद्धा हातातनं गळायलीत, म्हणाले. सरांनी गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय असा उडाला की ट्रे पडता पडता राहिला. "मानेचा एमआरआय काढा," सर म्हणाले. मग उरलेली सकाळ त्यांनी शिकाऊ पोरांना आपण किती हुशार आहोत ते समजावून सांगण्यात घालवली.

*

मानेच्या फोटोत सापडलं. मज्जारज्जू सुजलेला आणि त्याच्याभोवती काळ्या अळ्या वळवळाव्यात तशा फुगलेल्या शिरा. मग जांघेतून बारीक नळी वर नेऊन, औषध सोडून अँजिओग्राफी केली. कवटी संपते आणि मान सुरू होते, अगदी तिथं एक रोहिणी थेट नीलेत घुसली होती.

सरांनी हे नातेवाइकांना इंग्रजीत समजावलं. मधे मधे 'आहे' आणि 'नाही' मराठीत. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सर गेल्यावर माझ्याकडं आले.

ऊसवाली माणसं. मी म्हटलं, मोटरीची लाइन पाटात न सोडता थेट निचऱ्याच्या चरीत सोडली तर काय होईल? रान चिबडणार, पाणी तुंबून पीक सडणार, सगळे एका सुरात म्हणाले. तेच झालंय, म्हटलं. रोहिणी म्हणजे मोटरीची लाइन, नीला म्हणजे चर. मधले बारीक पाट सोडून जोराचं रक्त थेट चरीत शिरलंय, तिथून ते निघेना, म्हणून आप्पांचा मज्जारज्जू चिबडलाय. तो जोड तेवढा तोडायचा. मानेच्या मागून जायचं, पहिल्या मणक्याचं थोडं हाड काढायचं आणि जोड बंद करायचा.

लख्ख समजलं सगळ्यांना. मला वाटलं, काय झकास शिकवते मी. अर्ध्या तासानं वॉर्डातून आरडाओरडा ऐकू आला. आप्पांच्या दोन पुतण्यांची जुंपली होती. कुणाच्या मोटरीनं कुणाचं रान चिबडलं, यावरून. सिक्युरिटीला बोलवावं लागलं. आप्पा मधल्या खाटेवर छताकडं बघत पडले होते.

*

मग बैठका सुरू झाल्या. आमच्याकडं पेशंट एकटा कधी ॲडमिट होत नाही, त्याच्याबरोबर ग्रामपंचायत ॲडमिट होते. एक म्हणे मिरजेला नेऊ, एक म्हणे कोल्हापूर, एक म्हणे बेंगळूर. एकाचा मेव्हणा औषधाच्या दुकानात बसायचा, तो फोनवरून "गोळीनं भागंल" म्हणाला, आणि त्याचं मत सरांच्या मताइतकंच वजनदार ठरलं.

या बैठकांचे अध्यक्ष दत्तू अण्णा. हे आप्पांचे चुलतभाऊ, वयानं बरेच लहान. आईवाचून पोरकं झालेलं पोर आप्पांनीच वाढवलं, पूजा शिकवली. आप्पांचे हात थांबल्यापासून गाभाऱ्यात तेच बसायचे. रेशमी सोवळं घेतलं होतं, रोज सकाळी आरतीचा व्हिडिओ टाकायचे, देवळाच्या फलकावर पुजारी म्हणून स्वतःचं नावही रंगवून घेतलं होतं. दर बैठकीत ते एकदा तरी म्हणायचे, "पूजेची काळजी करू नगासा, मी हाय." पूजेची काळजी कुणी केलेलीच नसायची.

त्यांनी सरांना विचारलं, रोबोटनं होत न्हाय का? मग विचारलं, जांघेतनं नळी मानेपर्यंत जाते तर तिथनंच जोड का चिकटवत न्हाय? हा प्रश्न खरं तर चांगला होता. या ठिकाणी मज्जारज्जूला रक्त देणारी बारीक शीर अगदी लागून असते. चिकटवायचं औषध चुकून तिच्यात गेलं तर माणूस मानेपासून खाली गेला. म्हणून उघडून, डोळ्यांनी बघून तोडणं बरं. पण सरांना प्रश्न विचारलेला खपत नाही. ते नुसते म्हणाले, "सर्जन मी आहे की तुम्ही?"

आप्पांच्या बायकोला कुणी काहीच विचारत नव्हतं. काकी खाटेच्या पायथ्याशी बसून असायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्येंच्या हातानं फूल वाहता आलं पायजे बघा." गावची रीत अशी की ज्याच्या हातानं पूजा होत नाही त्याची पूजा जाते, भावकीतल्या पुढच्याकडं कायमची. गाव दसऱ्यापर्यंत थांबणार होतं. आप्पांनी उभ्या जन्मात दुसरं काही केलेलं नव्हतं. पूजा गेली तर हा माणूस घरात पडून नुसता भिंत बघणार, हे मला तेव्हा कळलं.

*

ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी मी तपासायला गेले तर वॉर्डात सुतक असल्यासारखी शांतता. दत्तू अण्णा कपाळभर कुंकू लावून उभे. म्हणाले, काल दुपारी कौल लावला. देवानं डावा दिला.

तिकडं भैरोबाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि देवाला विचारतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, बोअर, घर, म्हशीची खरेदी, सगळं त्यावर चालतं. झालं, बैठक एकमतानं संपली. मिरज, कोल्हापूर, बेंगळूर सगळं रद्द. पिशव्या भरल्या, टेम्पो बोलावला.

सर आले आणि भडकले. विज्ञान, एकविसावं शतक, फुलाच्या पाकळीवर माणसाचा जीव टांगणारे अडाणी लोक, असं भलंमोठं भाषण झालं. मी मास्कच्या आत हसू दाबत होते. अमावस्येला आमच्या थिएटरला न चुकता 'मेंटेनन्स' कुणाच्या सांगण्यावरून निघतो, ते मला ठाऊक आहे की!

भाषणाचा परिणाम शून्य. पिशव्या उचलल्या गेल्या. तेवढ्यात खाटेवरून आप्पा म्हणाले, "सही कुठं करायची?"

"आप्पा, देवानं न्हाय म्हटलंय," दत्तू अण्णा म्हणाले.

"देवाला मी बघतो. तू टेम्पो परत धाड."

पेन हातात धरवेना. उभा जन्म पोथी वाचणाऱ्या माणसाला अंगठा द्यावा लागला. मी त्यांचा अंगठा शाईवर धरला तेव्हा तो बर्फासारखा गार होता. काकींनी पदरानं शाई पुसली.

*

ऑपरेशनचा दिवस. आप्पांना भूल दिली, पालथं केलं, डोकं क्लॅम्पमध्ये पक्कं धरलं. पालथ्या माणसाची भूल म्हणजे काय ते भूल देणाऱ्यालाच विचारा. सर्जनला विचारू नका, त्याला वाटतं पेशंट आपला आपण झोपलाय.

सरांनी हाड काढलं, आवरण उघडलं, मायक्रोस्कोप आणला. पडद्यावर दिसलं ते बघायला सगळे पुढं सरकले. नीला काळसर निळी असावी, ती लालभडक होऊन नागमोडी फुगली होती. आता नेमका जोड कुठं आहे ते बघायला शिरेतून रंग सोडायचा. तो रक्तातून फिरतो, मायक्रोस्कोपच्या खास दिव्यात चमकतो आणि कोण कुणाला जोडलंय ते दाखवतो. त्या मशिनवर सरांचा इतका जीव की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी ते दाखवतात.

मी रंग दिला. पडदा काळा. पुन्हा दिला. काळाच. सर कंपनीला फोन लावा म्हणून ओरडले. फोन स्पीकरवर टाकला. कंपनीचा इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "सर, एकदा मशीन बंद करून परत चालू करून बघा."

आमच्या घरी टीव्ही अडकला की मीही हेच करते. पण इथं आप्पांची मान उघडी पडलेली होती. बंद केलं, चालू केलं. लागलं. तिसऱ्या वेळी रंग चमकला आणि जोड दिसला, त्या बारीक शिरेला अगदी खेटून.

सरांनी नीलेवर तात्पुरती क्लिप लावली. आता थांबायचं. चुकीच्या ठिकाणी बसली असेल तर हातापायांकडून मॉनिटरवर येणारे सिग्नल पडणार, बरोबर बसली असेल तर नीलेचा रंग बदलणार. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. काकींचं वाक्य डोक्यातून जाईना. सिग्नल पडले नाहीत. आणि ती लाल शीर हळूहळू काळवंडत गेली, शेवटी अगदी निळी झाली. मग सरांनी जोड जाळून कापला.

इतक्या वर्षांत मी सरांना भिंतीला टेकलेलं बघितलं ते त्या दिवशी, सगळं झाल्यावर. कुणी बघितलं का म्हणून त्यांनी चोरून इकडंतिकडं बघितलं. मी मॉनिटरकडं बघत राहिले.

*

बाहेर भावकी उभीच होती. ऑपरेशन चांगलं झालं, असं सरांनी सांगितलं. दत्तू अण्णा म्हणाले, "काढलेलं दाखवा की."

आमच्याकडं ही पद्धतच आहे. पित्ताचे खडे असोत, गर्भाशय असो, अपेंडिक्स असो, स्टीलच्या ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायचं. त्याशिवाय ऑपरेशन झालं असं कुणी मानत नाही. सर म्हणाले, काही काढायचं नव्हतंच, जोड फक्त तोडला. भावकीच्या चेहऱ्यावर संशय पसरला. एवढा वेळ आत होते आणि काहीच काढलं नाही? मग केलं काय?

सर परत इंग्रजीत शिरले. आमच्या मंगल सिस्टरना हे सवयीचं. त्या आत गेल्या आणि मणक्याच्या हाडाचा जो तुकडा वाटेतून बाजूला काढला होता, तो ट्रेमध्ये घालून घेऊन आल्या. सगळे वाकून बघायला लागले. एकानं मोबाइलमध्ये फोटो काढला.

दत्तू अण्णांनी मान हलवली. म्हणाले, "हां, ह्येच वाढलं हुतं. मी पैल्यापासनं म्हणत हुतो."

*

पुढच्या आठवड्यात पेपरात बातमी आली. मेंदूवर दुर्मिळ शस्त्रक्रिया, म्हणे. मेंदूला आम्ही हातही लावला नव्हता. फोटोत मधोमध सर, त्यांच्या बाजूला मॅनेजमेंटची माणसं, ज्यांनी आप्पांना त्याच दिवशी पहिल्यांदा बघितलं. पुढं हा मोठा पुष्पगुच्छ, त्याच्यामागं व्हीलचेअरमध्ये आप्पा. आप्पांचं कपाळ तेवढं दिसत होतं. माझं कोपर आलं होतं. सासूबाईंनी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवलं.

दत्तू अण्णांनी वार्ताहराला सांगितलं होतं, की हे सगळं भैरोबाच्या कृपेनं झालं. त्याच भैरोबानं नको म्हणून सांगितलं होतं, हे सांगायचं राहून गेलं. सरांनी त्या पेपरचा गठ्ठाच विकत आणला.

*

आता शेवटचा.

दिवाळी झाल्यावर आप्पा तपासायला आले. पायांत अजून थोडा ताठरपणा होता, हातात काठी होती. पण शर्टाची बटणं स्वतः लावली होती, वरपर्यंत. दसऱ्याला सगळ्या गावापुढं त्यांनी आपल्या हातानं पूजा बांधली होती आणि गावानं पूजा त्यांच्याकडंच ठेवली होती. हे सांगताना काकींच्या चेहऱ्यावरनं नजर हटत नव्हती, इतक्या त्या खुलल्या होत्या. दत्तू अण्णा फाइल आणि पिशवी सांभाळत बरोबर होते. साधा शर्ट, साधी पॅंट.

सरांनी तपासून सोडलं. दत्तू अण्णा औषधाच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले आणि आप्पा बाकावर टेकले. मी शेजारी बसले. माझ्या मनात एक गोष्ट किती दिवस घोळत होती. विचारलं, आप्पा, उभ्या जन्माचे तुम्ही पुजारी. देवाचा कौल डावा पडला तरी अंगठा कसा दिलात?

आप्पा रांगेकडं बघत म्हणाले, "कौल दुपारी लावला हुता मॅडम."

मला कळेना. मग त्यांनी शांतपणे समजावलं. देवळाचं दार असं आहे की सकाळचं ऊन देवाच्या उजव्या खांद्यावर पडतं. उजवी पाकळी आधी सुकते, आधी पडते. दुपार कलली की पलीकडच्या झरोक्यातनं ऊन डाव्या खांद्यावर येतं, मग डावी पडते. ज्याचं काम व्हावंसं वाटतं त्याला आप्पा सकाळी बोलवायचे. एखाद्या पोरीचं लग्न दारुड्याशी ठरत असेल, तर त्या बापाला म्हणायचे, दुपारनं ये.

हसावं की चिडावं कळेना. गावातली किती लग्नं, किती बोअर या माणसाच्या उन्हावर ठरले असतील. म्हटलं, म्हणजे आजवर देव काही बोललाच नाही म्हणा की.

"बोलतोय की. वेळ तेवढी मी ठरवतो."

दत्तू अण्णांचा नंबर लागला होता. ते खिडकीत वाकून औषधं तपासून घेत होते, एकेक पाकीट उलटंपालटं करून. मला एकदम त्यांची कीव आली. म्हटलं, बिचाऱ्यांना हे ठाऊक नसणार, नाहीतर सकाळीच लावला असता.

"त्येला मीच शिकवलंय," आप्पा म्हणाले. "बारका हुता तवाच. लई हुशार हाय. एकदा सांगितलेलं इसरत न्हाय."

काकी पदराशी चाळा करत खाली बघत होत्या.

दत्तू अण्णा औषधं घेऊन आले, किती जपून आणलीत ते दाखवलं, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगायला लागले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग काठी टेकून उठले. बाकाखाली त्यांची एक चप्पल उलटी पडली होती.

"दत्तू, तेवढी चप्पल सरळ कर रं."

दत्तू अण्णांनी पिशवी खाली ठेवली, वाकून चप्पल सरळ केली आणि आप्पांच्या पायाशी लावून ठेवली.